चारशे सतरा नंबरची वही

बसा, चहा येतोय. वीज गेली आहे, पण हा चार्जिंगचा दिवा दोन तास टिकतो आणि माझी गोष्ट तेवढी लांब नाही.

तुम्हाला माहीतच आहे, पेणला माझं कागद-वह्यांचं दुकान. मागे छोटा छापखाना, पुढे झेरॉक्स. शाळा आठवीपर्यंत, पुढचं सगळं कागदानंच शिकवलं. एखादं लिहिलेलं पान हातात घेतलं की मी सांगतो, रोजच्या रोज लिहिलंय की एका बैठकीत. एकदा एका सोसायटीची वीस सभांची इतिवृत्तं बाइंडिंगला आली. मी चेअरमनना म्हटलं, "भाऊ, वीसही सभा एकाच दुपारी उरकल्या वाटतं." ते हसले, मीही हसलो. तेव्हा असल्या गोष्टींचं हसू यायचं.

रोह्याच्या बाहेर, कुंडलिकेच्या अंगाला, दिनानाथ डॉक्टरांचं नर्सिंग होम. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं तिथं ठेवत. प्रत्येक पेशंटची वेगळी वही, ती मी छापून द्यायचो. वेळ, औषध, कूस, सही असे रकाने. पडून राहिलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणून कुशीचा रकाना. प्रत्येक वहीवर माझ्या नंबर मारायच्या मशीनचा आकडा. आमच्या धंद्याचा एक नेम आहे, मारलेला नंबर पुन्हा मारायचा नाही. आणि पहिल्या पानावर एक सूचना, ती मी आपल्या मनानं छापायचो: "खाडाखोड करू नये. चूक झाल्यास एक रेघ मारून सही व तारीख घालावी. जुनी नोंद वाचता आली पाहिजे."

श्रावणात वह्या पोचवायला गेलो तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरून हाक आली, "पेनचं शेठ ना तुमी?" सगुणाबाई. खाडीकडची, जन्म मिठागरात गेलेला. खुब्याचं हाड मोडून पडली होती. तिच्या उशाशी भिंतीवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. दातांना मशेरी लावून काळ्या झालेल्या बोटाचे ठिपके.

"हे काय मांडलंयस, आजी?"

"कूस बदलली का एक ठिपका. मिठागरात मिठाच्या पाटीमागं एक ठिपका देयाचो आमी, कुडावर. मुकादम काय लिवील ता मुकादमाचा. ठिपका आपला."

शेजारच्या खाटेवरची गिरजाबाई म्हणाली, "भिंत घान करते न् वर गमजा मारते." दोघी हसल्या. नर्स प्रणिता औषधाचा ट्रे घेऊन उभी होती, तीही हसली. "माझ्या वहीपेक्षा आजीची भिंत पक्की आहे, शेठ," म्हणाली.

सगुणाबाई आश्विनात गेली.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. "शेठ, एक वही हवी. चारशे सतरा नंबर."

"तो नंबर झाला, डॉक्टर."

"भिजली हो ती वही. तोच नंबर, तेच कव्हर. पेशंटच्या मुलानं कागद मागितलेत. बहात्तर तासांत द्यावे लागतात."

चारशे सतरा कोणाचा, हे मला ठाऊक होतं. दुकानातल्या यादीत होतं. मी काय केलं सांगू? मशीनचे आकडे मागे फिरवले. मनाशी म्हटलं, मी कोरा कागद विकतो, वर कोण काय लिहील त्याचा धनी मी नाही. हे वाक्य मी त्या दिवशी वडखळपासून नागोठण्यापर्यंत तीनदा घोकलं. खरं असतं तर एकदा पुरलं असतं.

पोचलो तेव्हा दुपारचे तीन. डॉक्टर केबिनमध्ये होते, मला वॉर्डात बसायला सांगितलं. रिकामी खाट तेवढी एकच, कोपऱ्यातली. उशाजवळच्या भिंतीला नवा पांढरा रंग. मी पार्सल खाटेवर ठेवून टेकलो. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबत थांबत थांबले. वॉर्डात नुसते श्वास राहिले, आणि केबिनमधलं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"मी नाही लिहिणार, सर." प्रणिताचा आवाज. "त्या तीन दिवसांत मी एकटी होते, बावीस जणांना. जेवढ्या वेळा कूस बदलली तेवढंच लिहिलंय. जखम वाढली, मोठ्या हॉस्पिटलात हलवायला हवं, असं तुम्हाला सांगितलं, तेही लिहिलंय. आता बदलायचं म्हणजे गुन्हा आहे, सर. माझं रजिस्ट्रेशन जाईल."

"मग तू घरी बस. लिहिणारे मिळतात."

दार वाजलं. प्रणिता बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, मग पार्सलकडे. "शेठ," एवढंच म्हणाली, "पहिल्या पानावरचं तुम्हीच छापता ना?" आणि गेली.

मी उठणार होतो. पण वास आला. फिनेल नव्हे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा, मिठागराचा वास. माझ्या मागे रेक्झिनची गादी हळूच चुरचुरली, जसं कुणी अंग हलवू बघतं आणि हलत नाही. मी वळलो नाही. पुन्हा चुरचुरली...

"गिरजाबाई," मी हळूच म्हटलं, "काय आवाज येतोय?"

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. "रोज येतो. तिची कूस राहिली ना... कोन बदलील आता?"

पार्सल उचललं तर खालून ओलं. केबिनमध्ये देईपर्यंत ते वाळलं होतं, आणि खाकी कागदावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. डॉक्टरांनी ती बोटानं झटकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एक माणूस आला. टापटीप शर्ट, डोकं नुकतंच भादरलेलं. हिरामण, सगुणाबाईचा मुलगा. हातात तीच वही. पानांच्या प्रती काढून दुकानातूनच डॉक्टरांविरुद्ध तक्रारीचा अर्ज करायचा आणि वही परत द्यायची, असं ठरवून आला होता. म्हणाला, "शेठ, शेवटच्या तीन दिसांचं झेरॉक्स काढा. न् जरा वाचून दाखवा. ह्या डॉक्टरी अक्षर मना लागत नाय."

मी वाचलं. तिन्ही दिवस दर दोन तासांनी कूस बदललेली. सगळं एका पेनानं, एका बैठकीत लिहिलेलं. माझे डोळे ते लगेच ओळखतात. सही प्रणिताची नव्हती. आणि शेवटी एक ओळ: "पेशंटला अलिबागला हलवण्यास मुलाने फोनवर नकार दिला." तीही मी वाचली. माझ्या तोंडानं.

हिरामण म्हणाला, "मी? मी कवा नको बोललो?" बराच वेळ काउंटरची कड चोळत राहिला. "फोन आलता एक. कंपनीत होतो, शिफ्टला. मशीनचा आवाज. नीट ऐकूच आला नाय... बोललो असन, शेठ. लिवलंय म्हंजे बोललोच असन. माज्या आयला मीच मारला."

इथं एक वाक्य बोलायचं होतं मला. तुम्ही आत्ता माझ्याकडे बघताय ना, तसंच तो बघत होता. मी वळलो आणि मशीनवर पान ठेवलं.

प्रत बाहेर आली. कुशीच्या रकान्यात काळे ठिपके होते. मूळ पानावर काही नाही, प्रतीवर बोटाचे गोल, मशेरीसारखे ठिपके. सगळ्या ओळींपुढे नव्हेत. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. मी काच पुसली. पुन्हा काढलं. तेच ठिपके, त्याच ओळींपुढे.

"काय झाला?" हिरामणनं विचारलं.

"काच घाण आहे," मी म्हटलं.

मग मी मशीनचा काळेपणा दोन घरं खाली आणला. अक्षरं फिकी झाली, ठिपके गेले. त्या स्वच्छ प्रती मी त्याला दिल्या, ठिपक्यांच्या होत्या त्या काउंटरखाली सरकवल्या. वही लिहिणाऱ्यानं निदान पेन तरी झिजवलं. मी एक बटण दाबलं.

त्यानं अर्ज केलाच नाही. स्वतःविरुद्ध कसला अर्ज करणार? प्रणिता आता पनवेलला आहे म्हणतात. आणि तो हिरामण, जितेच्या स्टेशनवर दिसला होता मागे. मला ओळखून लांबूनच हात जोडले त्यानं. हात जोडले, मला.

त्या ठिपक्यांच्या प्रती ह्या पाकिटात आहेत. सोबत माझं पत्र आहे, चारशे सतरा मी दोनदा छापला म्हणून. वर हिरामणचा पत्ताही घातलाय. सव्वा महिना झाला. रोज म्हणतो, आज देऊ.

आणि रोज सकाळी माझ्या उशाशी, भिंतीवर एक ठिपका वाढलेला असतो. आधी वाटलं ओल असेल. बायको म्हणाली, रंग काढून घेऊ. मी नको म्हटलं. रंगानं काय होतं, ते मी बघून आलोय. माझी समजूत होती की म्हातारी येते आणि माझे चुकलेले दिवस मोजते. तेही मी सोसलं असतं.

पण आज पहाटे जाग आली ती हात वर असताना. भिंतीला टेकलेला, माझाच हात. हे बघा, दिव्याजवळ या जरा... सकाळपासून चार वेळा साबणानं धुतलंय हे बोट.

आमच्या घरात मशेरी कुणीच लावत नाही.