वीस फुटांवरून बघा

तिनं दार उघडलं तर समोर एक उंच, चष्मा लावलेला माणूस उभा, आणि त्याच्या काखेत तिचंच चित्र.

“हे तुम्हीच पाठवलंत ना?”

“हो...”

“फोटोत नदी होती. होडी होती. आणि इथं — रागावू नका हं — रंग सांडलाय की काय?”

रागवायचंसुद्धा त्राण तिच्यात उरलं नव्हतं. अकरा वर्षं ती नाटकाचे पडदे रंगवत होती. गल्लीत तिला पडदेवालीच म्हणत. दीड वर्षापूर्वी नाट्यगृहाला टाळं लागलं. हात स्वस्थ बसेनात, म्हणून तिनं उशीएवढी चित्रं काढून ऑनलाइन विकायला ठेवली. दोन गेली आणि दोन्ही परत आली. ‘आवडलं नाही’ एवढाच निरोप. तिसरं परत आलं की तिथलं दुकान बंद, असा नियम. मग आहेच भाऊजींचं फरशीचं दुकान! ताईनं केव्हाच फर्मान काढलं होतं, एक तारखेपासून तिथं बसायचं म्हणजे बसायचं.

“कुरियरनं पाठवायचं ना परत. स्वतः कशाला आलात?”

“पलीकडच्या रस्त्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. म्हटलं, आधी विचारून घ्यावं. माझ्याच डोळ्यांत दोष निघाला तर धंद्याची अब्रू जायची!”

तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसता ती एकदम थांबली.

“अगं बाई! फोटो मी शिडीवर चढून काढला होता!”

पडदा रंगवायचा तो असाच. कापड जमिनीवर पसरायचं, लांब काठीला बांधलेला ब्रश फिरवायचा, आणि शिडीवर चढून बघायचं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं की झालं. हाताला लागलेलं वळण ते! चित्र उशीएवढं झालं, तरी हात शेवटच्या रांगेसाठीच रंगवत राहिला.

तिनं चित्र घेतलं, त्याला गल्लीत नेलं आणि भिंतीला पाठ लावून ते छातीशी धरलं. “मागे जा. अजून... अजून जा ना!”

“गिऱ्हाइकाला गटारात घालणार का?”

“गटार डावीकडे आहे. तुम्ही सरळ जा.”

तो एकेक पाऊल मागे सरकत गेला. उभ्या स्कूटरला धडकला, स्कूटरचीच माफी मागितली, आणखी दोन पावलं गेला — आणि थांबला.

त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चष्मा काढून त्यानं शर्टाला पुसला, पुन्हा लावला. एक सायकलवाला घंटी वाजवून दमला, पण हा हलेना.

“पाणी हलतंय,” तो अगदी हळू म्हणाला. “आणि काठावरच्या त्या घराच्या खिडकीत... कुणीतरी वाट बघतंय ना?”

“खिडकीत मी कुणालाच काढलेलं नाही.”

“पण आहे.”

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं चित्र परत केलं नाही, काखेत घट्ट धरून दुकानात नेलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. डोळे तपासायच्या अक्षरांच्या पाटीशेजारीच चित्र लावलंय, खुर्चीपासून बरोब्बर वीस फुटांवर, हे सांगायला. तिसऱ्या दिवशी तिच्या ऑनलाइन दुकानावर गिऱ्हाईक म्हणून आपण ‘वीस फुटांवरून बघा, मग बोला’ असा अभिप्राय लिहिलाय, हे सांगायला. चौथ्या दिवशी सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तरी आला.

“आज काय?” तिनं विचारलं.

“आज... इथून चाललो होतो.”

“गल्ली पुढे बंद आहे.”

“हो का? बघितलंच नाही.”

“आणि म्हणे चष्मेवाले!”

एक तारीख उजाडली. ताईला शब्द दिला होता. निघताना त्याला सांगून जावं, म्हणून ती त्याच्या दुकानात शिरली. खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. त्यानं बोट वर करून तिला गप्प उभं राहायला खुणावलं आणि आजींच्या नाकावर नवा चष्मा ठेवला.

“वाचा, आजी.”

आजींनी अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या चित्राकडे बघत होत्या. बघतच राहिल्या. हात नकळत छातीवर गेला.

“अरे देवा,” आजी पुटपुटल्या. “केवढं दिसतंय रे, बाळा!”

पडदेवाली आजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं तिनं टाळ्या ऐकल्या त्या पडद्यामागून, आणि त्याही नटांसाठीच्या. आपलं काम बघताना माणसाचा चेहरा असा होतो? असा उजळतो? हे तिनं कधी म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

“अगं, कुठे आहेस? हे केव्हाचे वाट बघतायत!”

“ताई, मी येत नाही. भाऊजींना सांग, त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. पण मी चित्रंच काढणार.”

“आणि नाहीच विकली तर?”

“तर पुढची काढीन.”

मग ताई म्हणाली, “हट्टी आहेस. रात्री जेवायला तरी ये,” आणि तिनं फोन ठेवला.

आजी गेल्या. दुकानात दोघंच उरली. तो पुसलेलीच काच उगीच पुन्हा पुसत होता.

“फोन ऐकला मी. निरोप घ्यायला आला होतात ना?” त्यानं मान खाली घालूनच विचारलं. “मला वाटलं... आता गल्लीत कुठल्या निमित्तानं यायचं? तक्रार करायला एकदाच आलो होतो. बाकीचे दिवस तुम्हाला बघायला आलो.”

तिचे कान तापले. पण बोलली ती सरळच.

“त्या दिवशीचा तुमचा चेहरा मी चार वेळा काढायचा प्रयत्न केला. जमत नाही. मी नदी काढली, डोंगर काढले, महाल काढले... चेहरा कधी काढलाच नाही. तो लांबून येत नाही हो.”

“मग?”

तिनं त्याला स्टुलावर बसवलं, आजींची खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर ठेवून तीत बसली. गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ.

“हलू नका,” ती म्हणाली. “वेळ लागेल.”

“किती?”

“बरीच वर्षं... चालेल?”

त्यानं चष्मा काढून बाजूला ठेवला आणि मान हलवली.