अर्धा मिलिमीटर

हिरवा दिवा बरोबर एक सेकंद लागत होता. विझलेला मात्र कधी एक सेकंद राहायचा, कधी दीड. भोसरीत दत्तोबांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या तळहातावरच्या त्या छोट्या सर्किट बोर्डाकडे मिनल बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतोय. वीज कमी पडतेय त्याला."

त्यानं वळून पाहिलं. "सकाळपासून मी प्रोग्रॅम तपासतोय... आणि तुम्ही नुसतं बघून—"

"मोजून."

"मग माझ्याकडे बघून काय मोजलंत?"

"आधी कपॅसिटर घे राव, दोन रुपयांचा," काउंटरमागून दत्तोबा म्हणाले. "बाकीचं बाहेर."

तो सुजित. पुढचे सगळे रविवार तो मिनलच्या घरी, तिच्या टेबलाशी दिसू लागला. शाळेतल्या मुलांना परवडेल असा स्वतःचा बोर्ड दोघांनी बनवला आणि त्याचे आराखडे नेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले. असे खुले आराखडे ठेवणाऱ्यांच्या जगातली रीतच तशी. कुणीही घ्यावं, बनवावं, विकावंसुद्धा. फक्त आधीच्यांची नावं पुसू नयेत आणि आपण केलेले बदलही खुले ठेवावेत. बोर्डाच्या पाठीवर त्यांनी आपली नावं छापली, अगदी शेजारी शेजारी. प्रेमाची कबुली म्हणावी तर तेवढीच.

पहिले पन्नास बोर्ड बनून आले तेव्हा कळलं, चार कोपऱ्यांतलं चौथं भोक अर्धा मिलिमीटर आत गेलंय. स्क्रू बसेना. चूक मिनलची होती. तिला रडूच यायचं बाकी होतं. सुजितनं बारीक कानस घेतली आणि एकेक भोक घासत बसला. पन्नासावा बोर्ड फुंकून तिच्या हातात देत म्हणाला, "तूही चुकतेस, हे बरं झालं. आता लग्नाचं विचारायला धीर आला."

ती हसली आणि त्या भोकात स्क्रू फिरवून पाहू लागली.

मग त्याला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली. रविवार ओव्हरटाइममध्ये गेले. त्याची आई लग्नाची तारीख विचारायची. मिनल दिवाळीनंतर म्हणाली, मग उन्हाळ्यानंतर. का, ते तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बोर्डाबद्दल कुणी विचारलं, की सुजित "मी बनवलाय" म्हणायचा आणि मग तिच्याकडे बघायचा.

परवा दुपारी तो कंपनीचा बोर्ड घेऊन आला. मुळापासून नवा केलाय म्हणाला. मिनलनं तो उलटा केला. पाठीवर फक्त कंपनीचं नाव. तिनं खणातून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला. तीन भोकं बरोबर होती. चौथं अर्धा मिलिमीटर आत.

सुजितचा आवाज उतरला. "साहेबच म्हणाले, नावं काढ. खुलं ठेवलं तर उद्या शेजारची कंपनी बनवेल. माझं प्रमोशन अडकलं होतं गं." मग समजूत घातल्यासारखा हसला. "आणि लग्नानंतर तुझं-माझं वेगळं थोडंच राहणार आहे?"

नाव पुसल्याचं तिला तितकं लागलं नाही. जे भोक त्यानं पन्नास वेळा घासलं होतं, ते जुन्या आराखड्यातून उतरवून घेताना त्याला आठवलंसुद्धा नव्हतं.

"आई आजही विचारत होती," तो म्हणाला. "काय सांगू?"

मिनलनं व्हर्निअर मिटला.

"त्यांना सांग, वाट बघू नका. मी तुझ्याशी लग्न करणार नाही."