चार अँपिअर

बॅटरी उतरायची कारणं मोजकीच असतात आणि त्यातली बहुतेक दोन पायांवर चालतात, असं इलेक्ट्रिशियनचं तीस वर्षांच्या धंद्यानंतरचं मत होतं. कोणीतरी दिवा चालू ठेवून जातं, कोणीतरी टर्मिनल ढिलं सोडतं, आणि विचारायला जावं तर कोणीच काही केलेलं नसतं.

हा ट्रॅक्टर मात्र सोळा वर्षं शेडमध्ये बिनबॅटरीचा उभा होता. मालकाचा धाकटा भाऊ आता तो जुन्या यंत्रांच्या एका शौकिनाला विकणार होता. शौकिनाची अट एकच होती : रविवारी इंजिन समोर चालू करून दाखवायचं. म्हणून नवी बॅटरी बसवली, तर ती उतरायला लागली. आधी दोन दिवस टिकायची, मग एक.

मंगळवारी इलेक्ट्रिशियनने डायनॅमो उतरवला, झिजलेले कार्बन ब्रश बदलले, चार्जिंग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कटआउटचे पॉइंट घासले. इंजिन धडधडलं, डॅशबोर्डवरचा काटा चार्जच्या बाजूला गेला. मालकीणबाई पायरीवर बसून बघत होत्या. तो आवाज कानावर पडताच त्या उठून आत गेल्या.

बुधवारी सकाळी बॅटरीने पुन्हा मान टाकलेली.

म्हणजे चार्जिंगचा दोष नव्हता. आलेलं कोणीतरी खात होतं. त्याने बॅटरी भरून घेतली, सगळं बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि बॅटरीच्या वायरीत मीटर जोडला. दोन पॉइंट एक अँपिअर. मग तो एकेक वायर सोडवत गेला. मागच्या मडगार्डकडे जाणारी काळी वायर काढली तेव्हा आकडा शून्यावर आला. ती वायर मडगार्डच्या पुढे हातभर लोंबत होती आणि तिथे तुटलेली होती. टोकाला काहीही नव्हतं.

"तुटक्या वायरीतून करंट जात नाही," त्याने मीटरला समजावून सांगितलं आणि वायर परत जोडली.

दोन पॉइंट एक. टोक बोटांत धरून पाहिलं. कोमट होतं.

"ताई, इथे काय होतं?"

"हातदिवा. नांगराखाली बघता यावं म्हणून यांनी लांब वायर लावून घेतली होती." मालकीणबाई म्हणाल्या. "सोळा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ट्रॅक्टर शेताच्या टोकाला चालूच सापडला. वायर तुटलेली. दिवा नाही, हे नाहीत. गावाने ओढा पालथा घातला. पोलिसांनी चार महिने आमचे नातेवाईक पालथे घातले."

गुरुवारी मीटरने दोन पॉइंट नऊ दाखवलं. शुक्रवारी तीन पॉइंट सहा.

बॅटरी आणि दिव्यामधली वायर लांब असली की करंट कमी, आखूड होत गेली की जास्त, हे इलेक्ट्रिशियनला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. त्याने ब्रशच्या रिकाम्या खोक्यावर हिशेब मांडला. बुधवारी वायर सव्वादोनशे मीटर होती. गुरुवारी शंभर. आज तीस.

त्याने शेडच्या दारातून बाहेर पाहिलं. शेताचं टोक सव्वादोनशे मीटरवर असावं. पाण्याची टाकी शंभरावर. फाटक तिसावर. फाटक नीट लावलेलं होतं.

"मिस्त्री, चार दिवस झाले," भाऊ मागून म्हणाला. "ट्रॅक्टर दुरुस्त करताय की संसार मांडताय त्याच्याशी?"

इलेक्ट्रिशियनने त्याला वायर दाखवली. हिशेब दाखवला नाही. पण मालकीणबाईंनी खोका उचलला होता आणि त्या फाटकाकडे बघत होत्या.

"मग छाटून टाका की ती! दोन मिनिटांचं काम."

खरं तर एकाच मिनिटाचं होतं. इलेक्ट्रिशियनने पक्कड काढली.

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "बॅटरी मीच काढून ठेवायला लावली होती. उगाच खराब होईल म्हणून." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "सोळा वर्षं यांना अंधारात ठेवलं मी."

"वहिनी, काहीतरी काय बोलता? रविवारी माणूस येतोय, त्याला काय सांगू?"

"काय सांगायचं ते सांगा. वायर तोडायची नाही."

दोघांनीही इलेक्ट्रिशियनकडे पाहिलं. पक्कड त्याच्याच हातात होती. त्याच्या घरी पुढच्या खोलीतला दिवा संध्याकाळी लावून ठेवणारं दोन वर्षांपासून कोणी नव्हतं. कुलूप तो चाचपडत उघडायचा. त्याने पक्कड खिशात ठेवली आणि आपल्याकडचा चार्जर आणून बॅटरीला लावला.

"ताकद कमी पडायला नको," तो म्हणाला. भाऊ हात झटकून निघून गेला.

शनिवारी सकाळी तीन पॉइंट आठ.

"पूर्ण किती व्हायला हवेत?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांनी शेडचं दार सताड उघडून ठेवलं होतं.

"बल्ब अठ्ठेचाळीस वॅटचा, बॅटरी बारा व्होल्टची. चार. मध्ये वायर उरलीच नाही तर."

तीन पॉइंट नऊ.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि अंगणात काहीही हलत नव्हतं.

चार.

आकडा तिथे स्थिर राहिला. तापलेल्या काचेचा वास आला.

मग शून्य.

त्याने फ्यूज पाहिला. शाबूत. क्लिपा घट्ट. मीटर ठणठणीत, बॅटरी भरलेली. काहीही न तुटता भार गेला, तर त्याचा अर्थ तीस वर्षांत एकच निघाला होता : कोणीतरी दिवा बंद केला.

हे सांगायला त्याने मान वर केली. मालकीणबाई त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत होत्या, जेवण गार होईपर्यंत वाट बघायला लावणाऱ्या माणसाकडे बघावं तशा.

"चिखलाचे पाय आहेत," त्या म्हणाल्या. "आधी धुवा."

इलेक्ट्रिशियनने सवयीने आपले पाय पाहिले. ते कोरडे होते.