साठ वेळा जोह्याचा थांबा

दिनांक १६ मे २०१९, गुरुवार, दुपारचे साडेतीन. स्थळ जोहे, तालुका पेण, दाजींचा गणपतीचा कारखाना. रोह्याचा सुजय, संगणक दुरुस्त करणारा, दाराशी उभा राहिला तो क्षण त्याला ओल्या रंगाच्या वासासकट आजही आठवतो.

कोपऱ्यातल्या संगणकापुढे दाजींची लेक दिपिका रडवेली बसली होती. चाळीस मूर्तींचे पत्रक पाचला छापखान्यात जायचे होते आणि पडद्यावर एकच ओळ : मेमरी अपुरी आहे. सकाळपासूनचे काम सेव्ह होईना.

"बंद करून चालू करू?"

"हात लावू नका! सगळं जाईल."

त्याने बाकीचे प्रोग्राम बंद केले, तिची गाणी थांबवली. "आता अन्डूच्या पायऱ्या पुसतो. तुमचा प्रत्येक बदल यानं धरून ठेवलाय. जागा सुटेल."

"मग मला मागं जाता येणार नाय?"

"नाही."

"असंच तोंडावर सांगता सगळ्यांना?"

"माणूस बघून सांगतो…"

ती हसली — आणि फाइल सेव्ह झाली. कारणही सापडले; इंचभर चित्रासाठी तिने भलेमोठे मूळ फोटो घातले होते.

"एवढे मोठे कशाला?"

"डोळ्यांची आखणी दाजींची हाय," ती ताठ मानेने म्हणाली. "ती बारीक कशी करू?"

त्याने फोटो होते तसेच राहू दिले.

परतताना रोह्याच्या अलीकडचे निडी स्टेशन मागे पडले तेव्हा त्याच्या ध्यानात आले — संगणक दुरुस्त झाला होता. जोह्याला पुन्हा जाण्याचे कारण उरले नव्हते. ते आता निर्माण करणे भाग होते.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाची फाइल घेऊन हजर. "मेमरी अपुरी म्हणतंय. बघता जरा?"

दिपिकाने पाहिले. एवढ्याशा कार्डात भिंतीएवढे साठ फोटो, एकाखाली एक दडवलेले. साऱ्यांत जोह्याचा एसटी थांबा.

"बिघाड मुद्दाम केलात?"

त्याचे कान तापले. "केला. कारणाशिवाय… येऊ दिलं असतंत?"

मग तिने एकेक करून एकोणसाठ थांबे पुसले, एक ठेवला.

"येऊन बघायचं होतं," ती हलकेच म्हणाली.

इतका वेळ पाठमोरे बसून रंगकाम करत ऐकणाऱ्या दाजींनी मूर्तीच्या डोळ्यावरून कुंचला उचलला.

"पोरगा लबाड हाय. पण कामाचा हाय. येऊ दे गो त्याला."