चहा तासाभरानं

त्या गुरुवारी बोट चुकली नसती, तर शिवानी म्हात्रे परेशच्या खानावळीत कधीच शिरली नसती. आगरदांड्याची फेरीबोट तिच्या डोळ्यांदेखत दिघीच्या धक्क्यावरून सुटली, मागोमाग सर आली, आणि समोर दिसलेल्या पहिल्या छपराखाली ती धावत गेली. आत पाटी होती – ‘येथे मासे मिळत नाहीत’.

"धक्क्यावर बसून ही पाटी?" ओढणी पिळत ती म्हणाली.

"रोज दोन-चार जण शिव्या घालून जातात," चुलीपाशी उभा असलेला तरुण हसला. "तुम्हीही घाला."

"आधी जेवते. मग बघू."

ताटात नाचणीची भाकरी आली, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वालाचं बिरडं, लिंबाची फोड. शिवानी क्षणभर बघतच राहिली. ती आहारतज्ज्ञ. मुरुडला खोली घेऊन राहायची आणि दर गुरुवारी खाडीच्या या बाजूच्या गावांत जाऊन बायकांना सांगायची, की रक्त वाढवणारं औषध तुमच्याच परसात उगवतं. तिचं सगळं भाषण या माणसानं एका ताटात वाढलं होतं!

तिनं भाजीवर लिंबू पिळलं.

"बहुतेक जण ती फोड तशीच टाकतात," तो म्हणाला.

"पाल्यातलं लोह लिंबामुळं अंगी लागतं. टाकून कसं चालेल?"

तो तिच्याकडे जरा... गरजेपेक्षा जास्तच वेळ बघत राहिला. जेवण होताच चहा घेऊन आला.

"आत्ता नको हं. चहातलं टॅनिन लोह अडवून धरतं. जेवणावर तासभर तरी चहा घेऊ नये."

"तासभर?" त्यानं कपाकडे पाहिलं, पावसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग तासाभरानं देतो. बसा ना..."

ती बसली. तळा तालुक्यातल्या त्याच्या गावची भातशेती, मुंबईतल्या हॉटेलात घालवलेली वर्षं, वडिलांना साखर निघाल्यावर आईच्या हाताखाली नव्यानं शिकलेला स्वयंपाक – सगळं ऐकत बसली. दुसरी बोट लागली तेव्हा कुठं चहा आला.

मग प्रत्येक गुरुवारी तसंच. जेवण, आणि "चहा तासाभरानं हं, मॅडम." शिवानीला मनातून फार बरं वाटायचं. कुणीतरी एकानं आपलं ऐकलं! गावोगावच्या बायकांना ती सांगू लागली, "दिघीच्या धक्क्यावर एक खानावळ आहे, तिथं जेवणावर लगेच चहाच देत नाहीत."

श्रावण लागला. धक्क्यावरची मासे खाणारी मंडळीही परेशकडे वळली, गर्दी वाढली, आणि माणगावहून भाजी यायला लागली – क्रांतीच्या टेम्पोतून. टेम्पो क्रांती स्वतः चालवायची. सोमवारी यायची, आणि गुरुवारीही. ती हसली, की पलीकडच्या होडीतले लोक मान वर करून बघायचे. आणि परेशला ती ‘परश्या’ म्हणायची.

शिवानीनं त्याला अजून नावानं हाकही मारली नव्हती.

एका गुरुवारी सकाळी ती खानावळीवरून गेली, तर दोघं पायरीवर बसलेली. मध्ये परात, कोमट पाण्यात मोड आलेले कडवे वाल, आणि परातीत दोघांचे हात. शिवानीच्या घरीही आई आणि आत्या अशाच वाल सोलत बसायच्या. त्या परातीवर जे बोललं जातं, ते चारचौघांत बोललं जात नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"या मॅडम, हात लावा!" क्रांती सरकून बसली. "हा एकटा सोलत बसला, तर दिवाळी उजाडंल."

"मला काम आहे. आणि साल काढली, की त्यातला चोथा जातो."

"गेल्या गुरुवारी बिरडं दोनदा मागून घेतलंत," परेश म्हणाला.

"गेल्या गुरुवारी भूक होती."

दिवसभर गावात ती नाचणीतल्या कॅल्शियमवर बोलत होती, आणि डोळ्यांपुढं परात होती. खरं तर आज तिला त्याच्याशी बोलायचं होतं. अलिबागच्या ऑफिसात तिला जागा मिळत होती; गेली, तर हे गुरुवार संपणार होते. हो की नाही, ते आजच कळवायचं होतं. त्याला सांगायचं, आणि त्याचा चेहरा बघायचा, एवढंच ठरवून ती दुपारी आली.

क्रांती जेवत होती. भाकरीचा शेवटचा तुकडा अजून तिच्या हातात, आणि परेशनं तिच्यापुढं वाफाळता चहा ठेवला. आलं घातलेला!

शिवानीच्या पोटात आग पेटली. पोटात कोणतं आम्ल कुठं तयार होतं, हे सगळं तिला पाठ होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"जेवणावर चहा?" तिनं परेशला विचारलं. "यांच्या लोहाचं काय?"

परेशचे कान लाल झाले. "त्यांचं लोह... चांगलं आहे."

क्रांतीला ठसकाच लागला. "माझं लोह! मॅडम, सोमवारी आले, की हा म्हणतो, बस गं, पाऊस थांबू दे. गुरुवारी मातर घास गिळायच्या आत चहा! आनि वर म्हणतो, निघ, घाटात धुकं पडंल. एवढं धुकं मी जन्मात पायलं न्हाय!" चावी बोटात फिरवत ती उठली. "जाते रं परश्या. आता तरी तोंड उघड."

टेम्पोचा आवाज लांब गेला.

"इतर गिऱ्हाइकांना चहा कधी देता?" शिवानीनं हळूच विचारलं.

"मागतील तेव्हा."

"आणि तासाभरानं?"

"फक्त तुम्हाला." तो फडक्याला हात पुसत राहिला. "चहा झाला, की माणूस उठतो, मॅडम. त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, तासभर थांबावं... मला ते शास्त्र फार आवडलं."

"मी गावोगाव तुमचं उदाहरण देत फिरले!"

"खरंच आहे की. एका गिऱ्हाइकापुरतं."

तिला हसू आलं, आणि ते लपवायला ती भलतंच बोलून गेली, "मला अलिबागला बोलावलंय. आज कळवायचंय."

त्याचा चेहरा बघायचं ठरवलं होतं खरं – पण तिला वर बघवेना. फडकं थांबलेलं तेवढं दिसलं.

"मग..." तो कसाबसा म्हणाला, "जेवून तरी जाल ना? बिरडं आहे."

"त्यातले वाल कुणी सोललेत?"

"अर्धे क्रांतीनं."

"मग ते नको. न सोललेले उरलेत?"

"थोडे आहेत."

"परात आणा, परेश."

नाव ऐकून तो जागीच थांबला, मग धावला. पायरीवर दोघं बसली, मध्ये परात. कोमट पाण्यात सालं सुटत होती. एका वालापाशी दोघांची बोटं भेटली आणि... कुणीच हात मागं घेतला नाही.

धक्क्यावर भोंगा वाजला.

"बोट सुटतेय," तो म्हणाला. अगदी हळू.

शिवानीनं ओल्याच बोटांनी फोनवर ‘जमणार नाही’ एवढं लिहिलं, अलिबागला पाठवलं आणि फोन पिशवीत टाकला. "आधी हे सोलून होऊ दे. मग शिजवा. मग जेवते."

"आणि मग तासाभरानं चहा."

"दोन तासांनी," शिवानी म्हणाली. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच एखादा आकडा वाढवून सांगितला होता. "बिरड्यावर दोन तास लागतात."