बसू का गं?

ही गोष्ट कुओपिओ शहरातल्या इस्पितळातली, आणि शब्दन् शब्द खरी आहे. मारित माझी सख्खी शेजारीण. खोटं बोलून तिला काय मिळणार?

मारित नर्स होती. फुप्फुसाच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. किती अंतर चालवतं ते मोजायला रुग्णांनी लांबलचक व्हरांड्यात एका केशरी शंकूपासून दुसऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालायच्या, आणि नर्सने फक्त ठरलेलं वाक्य बोलायचं. जास्तीचा एक शब्द नाही, नाहीतर निकाल बिघडतो.

"छान चाललंय. असंच चालू ठेवा."

म्हातारा ताइस्तो डावा पाय घासत चालायचा. "अगं, घोड्यालाही कुणी इतकं हाकत नाही!" म्हणायचा. त्याला चाचणी सोडायची होती. तसा हक्कही होता. पण डॉक्टर रासमुस मारितला म्हणाला, "शेवटची फेरी तेवढी गोडीगुलाबीने करून घे. नाहीतर त्याचे आकडे वाया जातील."

तिने करून घेतली. धापा टाकत ताइस्तोने विचारलं, "मारित, बसू का गं?"

तिने ठरलेलं वाक्य म्हटलं.

तो चालत राहिला...

त्याच आठवड्यात तो गेला. औषधाने की आजाराने, कुणालाच सांगता येईना.

मग डिसेंबरातली ती दुपार. बाहेर केव्हाच अंधारलं होतं; इथे उत्तरेत हिवाळ्यात दुपारीच काळोख पडतो. लेम्पी नावाची म्हातारी चालत होती. रासमुस शेजारी उभा.

आणि मारितला ऐकू आलं...

दोघांची पावलं.

एक लेम्पीची. दुसरी... पाय घासणारी.

लेम्पी शंकूपाशी थबकली. "माझ्यामागे कोण चालतंय? सारखा विचारतोय... बसू का, बसू का."

मागे कुणीच नव्हतं.

"वाक्य बोल," रासमुस पुटपुटला.

मारितने खुर्ची ओढली. "बसा लेम्पी. पुरे झालं."

"केलंस ना वाटोळं!" रासमुस भडकला.

लेम्पी बसली.

पावलं थांबली नाहीत.

"ताइस्तो, तुम्हीही बसा हो," मारित रडू लागली. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं, हे तिला कळत होतं.

पावलं तिच्याकडे वळली...

मारितने नोकरी सोडली. तरी अंधारलं की भिंतीपलीकडून, तिच्या घरातून, मला येरझाऱ्या ऐकू येतात. एक पाय घासत. परवा मला राहवेना. मी भिंतीवर थाप मारली.

"मारित, बस गं जरा!"

पावलं चालूच होती. त्यातूनच तिचा थकलेला आवाज आला...

"मी केव्हाची बसलेलीच आहे."