फुगलेले दाणे

गळ्याची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा असेल तर माझे उरलेले चार दात आत्ता पडोत.

धाग्याच्या कारखान्यात एक मुलगी पॉलिएस्टरचे दाणे तापवायची. तापले की आतल्या साखळ्या टोकाला टोक जोडून लांबतात, धागा पक्का निघतो. पण तिच्या दाण्यांची चाल गोगलगायीची. वेग वाढला नाही तर महिनाअखेर विभागाला कुलूप, असं साहेबांनी सांगून टाकलेलं. घरी आई, आणि खुंटीवर वडिलांचा कोट. वडील याच कारखान्यात सॉल्व्हंटच्या, म्हणजे चटकन पेटणाऱ्या द्रावकाच्या, भडक्यात गेले. म्हणून ती सॉल्व्हंटला हात न लावता कोरडंच काम करायची.

एकदा दारात, साहेबांनी वेग वाढवायला आणलेला एक नवा माणूस तिच्यावर आदळला. हातात सॉल्व्हंटचा डबा. वास आला आणि ती भिंतीला टेकली.

"दाणे कोरडे, बाईही कोरड्या… कसं व्हायचं?"

"तुमची जीभ फुगलीय तेवढी पुरे."

तो हसला. पण कोटाची गोष्ट कळली तेव्हा गुपचूप डबा बाहेर ठेवून आला. मग रोज जरा लांबच बसून समजावायचा — कोरड्या दाण्यात साखळ्या दाटीवाटीने अडकलेल्या, हलणार कशा? सॉल्व्हंट प्यायला की दाणा फुगतो, जागा होते, टोकं भेटतात, जुळताना सुटणारा ग्लायकॉल नावाचा द्रवही पटकन बाहेर पडतो. मात्र जास्त पाजलं तर नुसता चिखल.

"आणि भडकलं तर?"

"भांड्यात हवा ठेवायचीच नाही, नायट्रोजन भरायचा. तरी… भीती मलाही वाटते."

शेवटच्या आठवड्यात तिने सॉल्व्हंटची झडप उघडली. एकटीने, हात जराही न कापता.

मग कोरडे आणि फुगलेले दाणे वेगवेगळे विरघळवून काचेच्या बारीक नळीत सोडले. कोरड्याचं द्रावण सरसर उतरलं. फुगलेल्याचं… उतरेचना. इतकं दाट, म्हणजे साखळ्या लांबल्या होत्या. दोघं नळीवर वाकलेले, गालाला गाल लागेल इतके. शेवटचा थेंब पडूच नये, असं तिला वाटलं.

कुलूप टळलं. डबा उचलत तो म्हणाला, "माझं काम झालं. उद्यापासून तुम्हाला हा वास नाही."

"राहू दे. सवय झालीय."

"वासाची?"

"…सगळं मीच सांगू?"

त्याने डबा खाली ठेवला.

बरं, दात सांभाळायला हवेत. एक खोटं मी घुसडलंय. झडप तिने एकटीने नाही उघडली. हात इतका कापत होता की झडप फिरेचना. त्याने वरून आपला हात ठेवला, तर तो तिच्याहून जास्त कापत होता.